चावी ठेवायचे पैसे

पिळगाव, डिचोली
वैशाख

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

तुझा कॅफेचा हिशेब नीट वाचला. भाडं, डिपॉझिट, कॉफीचं मशीन, फर्निचर, भिंतीवर चित्रं काढणाऱ्याचे पैसे, सगळं मांडलंयस. पण तुम्हा तिघांपैकी कॉफी करता कोणाला येते, ते त्यात कुठे सापडलं नाही. फोनवर हे बोलले असते तर 'बरं आई' म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते. पप्पांनाही वाचून दाखवलं आहे.

धंदा करायला माझी ना नाही. वेर्ण्याच्या कारखान्यात कंत्राटावर औषधाच्या गोळ्यांचे खोके किती वर्षं मोजायचे? पण किनाऱ्याकडची जागा, तीही अकरा महिन्यांच्या करारावर, वर कर्ज, आणि पाऊस लागला की गिऱ्हाईक नाही, हे माझ्या पोटात जात नाही. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा तू लहान होतास. वाड्यावर दारोदार खनिजाचे ट्रक उभे होते, चाकांत गवत उगवलं होतं, आणि बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला यायचा. मध्ये जरा सुरू झालं म्हणेपर्यंत 2018 ला पुन्हा सगळं बंद. आपल्या ट्रकचं कर्ज फिटलेलं होतं, म्हणून आपण तरलो. त्यात हुशारी काही नव्हती, पप्पांना कर्जाची भीती वाटायची एवढंच. तीच भीती मला आहे, आणि मला ती वाईट वाटत नाही.

आता माझं म्हणणं ऐक. लोक तुला कशासाठी हाक मारतात, ते बघ. दळवींच्या बंद घरात पाणी शिरलं तेव्हा मुंबईहून फोन कोणाला आला? तुला. वरच्या वाड्यावरच्या काकी लेकाकडे दुबईला जातात तेव्हा चावी कोणाकडे असते? आपल्या देव्हाऱ्यामागच्या खिळ्यावर. तिथे आज पाच घरांच्या चाव्या लटकताहेत, आणि त्यांतून तुला आजवर मिळालं काय, तर खजुराचं पाकीट आणि एक परफ्यूम.

राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या मधल्या चौकाच्या, मोरीत फणसाची पानं अडकली की पाणी चढून माजघरात येतं, हे तुला कोणी शिकवलं नाही, आजोबांच्या मागून फिरून कळलं. माकडांनी सरकवलेलं कौल खालून कसं ओळखायचं, हेही तसंच. वाशाच्या कडेने काळपट ओघळ दिसला की तू शिडी मागतोस. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते म्हणून कपाट वीतभर पुढे ओढायचं, फ्रीजचं दार उघडं ठेवून मध्ये फडका अडकवायचा, गाद्या उभ्या करायच्या, पश्चिमेच्या पडवीला आधी ताडपत्री बांधायची. हे सगळं तुला इतकं साधं वाटतं की तू त्याला काम म्हणतच नाहीस. पण ज्याचं घर इथे आणि पोट पुण्या-मुंबईत किंवा लंडनला, त्याला यातलं एकही येत नाही. येत असलं तरी जुलैत तो इथे नसतो, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बंद घर एका पावसाळ्यात म्हातारं होतं. 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं सापडलं होतं. आपल्या वाड्यावरून पलीकडे देवळापर्यंत चालत गेलास तरी तुला ते कळेल.

तर हाच धंदा कर. बंद घरं सांभाळायची, महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर.

तुझं उत्तर मला ठाऊक आहे. 'आई, शेजाऱ्यांकडून पैसे कसे घ्यायचे?' खरी गोम तिथेच आहे. माझ्या नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, काय झालं, ते तुला अर्धंच माहीत आहे. गणेश चवथीला पणजीच्या मावशीसाठी मी दरवर्षी डबा भरून द्यायचे. मग मावशीच्या जावेसाठी, मग तिच्या शेजारणीसाठी. नारळ माझा, तूप माझं, गॅस माझा. तिकडून साडी यायची, कधी नुसता निरोप यायचा. एका वर्षी मी मावशीला दर सांगितला. पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मला वाटलं, नातं तुटलं. मग त्या म्हणाल्या, 'बरं झालं सांगितलंस, मला जास्त मागायला संकोच वाटायचा.' आणि त्या वर्षी दुप्पट नेल्या. कातण फिरवलेली नेवरी कुठल्याही दुकानात मिळते, हाताने मुरड घातलेली मिळत नाही, आणि हे घेणाऱ्याला माझ्याआधी कळलं होतं. पुढे अन्न खात्याकडे नोंदणी केली, तेव्हा तिला वर्षाला 100 रुपये लागायचे. डब्यावर नंबर आल्यावर पणजीच्या दुकानदारानेही माल ठेवला.

फुकट करतो तेव्हा आपण वेळ मिळेल तेव्हा करतो. पैसे घेतले की वेळेवर करावं लागतं. घरमालकाला ते वेळेवरच हवं असतं, त्याच्यासाठीच तो पैसे मोजतो.

दर मी असा धरते. महिन्याला दोन फेऱ्या, 1500 रुपये. जून ते सप्टेंबर तीन फेऱ्या, 2000. फेरीत घर उघडायचं, खिडक्या-कपाटं उघडून उघडीप असेल तर तासभर वारा खेळवायचा, पंखे-दिवे लावून बघायचे, छपराखालून एक नजर, वाळवी, विहिरीचं झाकण, मोरी. मग फोटो, तेही तारखेसकट. घरपट्टी पंचायतीत भरणं, विजेचं बिल भरणं यातच आलं. नारळ पाडणारा पाडेली, कौलं परतणारा, गवत काढणारे यांची मजुरी वेगळी, ज्याची त्याला, मालकाला आधी विचारून. त्यात आपलं कमिशन ठेवू नको. पप्पा म्हणतात ठेवावं, सगळे ठेवतात. मला पटत नाही. कौलवाल्याने एकदा सांगितलं की बाबूचे इतके असतात, की पुढच्या प्रत्येक फोटोकडे मालक संशयाने बघणार. नारळ मात्र मोजून लिहून ठेव. नारळावरून आपल्या गावात भावाभावांत कोर्टं झाली आहेत.

आणि नोकरी लगेच सोडू नको. दहा घरांचे महिन्याला पंधरा हजार, त्यातून पेट्रोल वजा. हा पगार नव्हे. आधी सुट्टीच्या दिवशी पाच घरं कर, या चाव्यांचीच. पंधरा झाली की वेर्ण्याला राम राम. शिडी, ताडपत्री, ड्रिल, बॅटरी, एवढ्याला कर्ज कशाला? लागलंच तर मुद्रा योजनेत 'शिशु' म्हणून पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, पण पहिल्या पावसाळ्यात काढू नको. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी, नोंदणी मात्र कर, ती ऑनलाइन होते, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. वर कोणी पैसे मागितले तर तो दलाल समज. जीएसटीचं आत्ता डोक्यात घेऊ नको. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की बघायचं, तेव्हा मी पेढे वाटीन.

कागदाचं मात्र हसण्यावारी नेऊ नको. आपल्याकडे दुसऱ्याच्या हातात घर द्यायला माणूस भितो. 1975 चा मुंडकार कायदा आला तो भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराला कोणी हुसकावून लावू नये म्हणून. हवाच होता तो, आपले पणजोबाही मुंडकारच. पण तेव्हापासून घरवाल्यांच्या मनात एक बसलंय, की राखायला ठेवलेला उद्या म्हणेल, घर माझं. म्हणून पहिल्याच कागदावर लिहून दे: मी या घरात राहणार नाही, रात्री झोपणार नाही, माझं सामान ठेवणार नाही, फेरीचे पैसे घेतो, चावी मागाल त्या दिवशी परत. समोरच्याने मागायच्या आधी तूच लिहून दिलंस की त्याचा अर्धा घोर जातो. बंद घरात मित्रांना घेऊन बसायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. सांगितलं.

दुसरं, मालक कोण ते विचार. आपल्या गोव्यात पोर्तुगिजांच्या वेळचा नागरी कायदा, लेकींनाही वाटा. चार भावंडं चार मुलखांत. एक चावी देतो, दुसरी विचारते कोणाला विचारून दिलीस. जमलं तर सगळ्यांच्या सह्या घे, नाही तर सगळ्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घे आणि फोटो तिथेच टाक. त्यांची भांडणं त्यांना तिथे करू दे, तू फक्त कौलं दाखव.

आणि तिसरं. जुनी घरं शोधत बाहेरचे लोक फिरताहेत. तुझ्याकडे चाव्या आहेत हे कळलं की एजंट येतील. आधी चहा, मग 'नुसतं आतून बघू दे', मग एक पाकीट, आणि ते तुझ्या वर्षाच्या कमाईपेक्षा जाड असेल. घर विकणं न विकणं हा मालकाचा प्रश्न, त्याचा फोन नंबरसुद्धा द्यायचा नाही. पंधरा घरांपैकी एक तू असं विकवलंस तर उरलेल्या चौदांच्या चाव्या त्याच आठवड्यात परत जातील, आणि जायलाच हव्यात.

चवथीच्या आधीच्या आठवड्यात सगळे एकदम हाका मारतील, हे आत्ताच धर. घर झाडून हवं, देवाची खोली सारवून हवी, गणपतीवर फळं-पानं टांगायची माटोळीची चौकट धुऊन हवी, पाण्याची टाकी भरून हवी. बार्देशात तुझी घरं झाली तर हीच धांदल डिसेंबरात, नाताळला. त्या दिवसांचा दर वेगळा ठेव आणि जुलैतच सांगून टाक. तेव्हा तू एकटा पुरणार नाहीस. वाड्यावरच्या दोघी बायका यायला तयार आहेत, मी विचारलंय, आणि त्यांना रोजचे रोज द्यायचे, मालकाकडून आले की नाही ते न बघता.

दळवींना दर लिहून पाठव, या आठवड्यातच, कौलं परतायला दिवस थोडे राहिलेत. पाठवायच्या आधी मला दाखव, तू लाजून हजार लिहिशील. बाकीच्या चार घरवाल्यांनाही तेच पत्र. मामाच्या घराचेही पैसे घ्यायचे, पूर्ण घ्यायचे. मामीशी मी बोलते.

तुझी
आई