राणीबागेतल्या माळीदादांना

माळीदादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. टॅक्सी भायखळ्याचा पूल ओलांडून गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. बागेत काम करणाऱ्या कुणाच्या वाचनात आलं तर त्यांनी ते तुम्हाला वाचून दाखवावं. खूण सांगते: रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, दगडी हत्तीपाशी पाय मुरगळून बसलेल्या चिंचवडच्या बाई आणि त्यांच्याबरोबरची मी.

ती माझी मैत्रीण. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे ती चिंचवडला शाळेत लागली आणि निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवत राहिली. चापेकरांचा वाडा तिच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. दरवर्षी वर्गात ती सांगायची, की १८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, जोड्यांची माळ घातली आणि त्यानंतर वर्षाच्या आत, २२ जून १८९७ च्या रात्री, पुण्याच्या गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. इतकी वर्षं मुलांना सांगितलेला तो पुतळा तिने स्वतः कधी पाहिलेला नव्हता. तो अजून मुंबईत आहे, बागेत उघड्यावर आहे, हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "कधी येऊ?"

आमचा बेत अगदी साधा होता. दगडी हत्ती, राणी, काळा घोडा (म्हणजे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड राजा) असे सगळे पुतळे तासाभरात बघायचे, झाडाखाली बसून डबा खायचा आणि संध्याकाळच्या गाडीने तिने परत जायचं. आवारात शिरलो आणि दहाव्या मिनिटाला हिरवळीच्या कडेवरून तिचा पाय सरकला. चूक कुणाचीच नव्हती, ती चालत होती हत्तीकडे बघत. घोटा बघता बघता सुजला. मी इतकी घाबरले की पर्समधला फोनसुद्धा मला सापडेना.

तुम्ही हातातला पाइप तसाच टाकून आलात. "मावशी, उठायची घाई करू नका. आधी बोटं हलवून दाखवा." बोटं हलली. मग म्हणालात, "हाड शाबूत दिसतंय, पण फोटो काढून घ्या. आणि आता काही चोळू नका, चोळलं की सूज वाढते." खांद्यावरचा पंचा काढलात, बर्फाचं पाणी कुठून आणलंत देव जाणे, त्यात भिजवून पिळलात आणि तळपायाखालून घेऊन घोट्यावर आठाच्या आकड्यासारखा गुंडाळलात. गाठ वरच्या बाजूला मारलीत, टोचू नये म्हणून. पुढे एक्स-रे काढला तेव्हा हाड खरंच शाबूत निघालं. स्नायूबंध ताणला गेलाय. डॉक्टरांनी विचारलं, पहिली पट्टी कुणी बांधली, चांगली बांधलीय. हे तुम्हाला कळावं अशी माझी फार इच्छा आहे.

नंतरचा तास-दीड तास तुम्ही दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही हत्तीसमोर बसून होतो. एरवी तिथे आम्ही पाच मिनिटं थांबलो असतो, फोटो काढला असता आणि पुढे गेलो असतो. हत्तीची गोष्ट मला माहीत होती. घारापुरीच्या किनाऱ्यावर हा उभा होता, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, त्याची मान आधीच निखळून पडली होती, १८६४ साली त्याचे अवशेष इथे आणले आणि १९१४ मध्ये ते तुकडे जोडून हा पुन्हा उभा केला. पाटीवर वाचण्याची ही माहिती. पण सांधे कुठे आहेत, हे मी या आधी कधी शोधलं नव्हतं. तुम्ही हात न लावता, बोट लांबूनच फिरवत दाखवलंत: मानेखालून गेलेली ही रेघ, ही पोटाकडची, इथे दगडाचा रंग जरा वेगळा. "उन्हं कलली की रेघा नीट दिसतात," म्हणालात, आणि खरंच, उन्हं उतरली तसा तो एकसंध काळा हत्ती आमच्या डोळ्यांदेखत तुकड्यातुकड्यांचा होत गेला.

मग तुम्ही ते रोपटं दाखवलंत. सांध्यात, बोटाच्या पेराएवढं, लालसर दोन पानांचं पिंपळाचं रोप. "पाखरं बी टाकतात. दगडात पाणी मुरलं की हा डोकं वर काढतो. दोन पानांवर असतानाच काढावा लागतो, मूळ आत गेलं की ओढून उपयोग नाही, सांधाच उकलतो." मी विचारलं, मग काढत का नाही? तुम्ही म्हणालात, मूर्तीला हात लावायचं काम आमचं नाही, ते संग्रहालयातली माणसं करतात, मी फक्त त्यांना सांगतो आणि पाइपाचं तोंड दगडाकडे जाऊ देत नाही. तेव्हा मला मघाचं आठवलं. आम्ही आलो तेव्हा तुम्ही पाणी देत होतात आणि धार बरोबर हातभर अलीकडे थांबत होती.

बोलता बोलता तुम्ही आम्हाला झाडंही दाखवलीत, गोरखचिंचेचा बुंधा, उर्वशीचे लाल घोस. उर्वशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. इतकी वर्षं मुंबईत काढून.

चार वाजायला आले तेव्हा मीच म्हटलं, आता निघू या, राणी पुढच्या खेपेला बघू. मैत्रिणीने मान हलवली, पण तिचा चेहरा उतरला. तो तुम्ही पाहिलात. "कुठली राणी?" म्हणालात. मी सांगितलं. तुम्ही जोडीदाराला हाक मारलीत, दोघांनी मिळून तिच्यासकट खुर्ची उचललीत आणि थेट पुतळ्यासमोर नेऊन ठेवलीत. वाटेत तीनदा खुर्ची टेकवलीत, पण तिला पाय जमिनीला लावू दिला नाहीत. साठीच्या बाईला चारचौघांत असं उचलून नेताना तिला कुठेही ओशाळं वाटणार नाही, अशा बेताने तुम्ही सगळा वेळ तिच्याशी झाडांबद्दल बोलत होतात. याचे आभार कसे मानावेत ते मला खरंच समजत नाही.

संगमरवरातली ती बसलेली राणी. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेली, एके काळी फोर्टात उंच मखराखाली बसणारी. १९६५ साली शहरातले इंग्रजांचे पुतळे हलवले तेव्हा काळ्या घोड्यासारखी तीही इथे आली. काळा घोडा गेला तरी तिकडच्या जागेचं नाव तेच राहिलं आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. राणीची जागा मात्र आज कुणाला फारशी आठवत नाही. नाक फुटलेलं. मैत्रीण खुर्चीतून पुढे वाकून वस्त्राच्या चुणीचुणीत बघत होती. मला माहीत होतं ती काय शोधतेय. डांबराचा एखादा ठिपका.

एकही नव्हता. तेव्हा तिने तुम्हाला सगळी हकीकत सांगितली, वर्गात सांगायची तशी, तारखांसकट. दामोदरपंत चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली तिथवर. तुम्ही दोघं उभे राहून ऐकत होतात. "इतकी वर्षं हिच्याभोवती झाडतोय, हे ठाऊक नव्हतं," म्हणालात. आणि मग विचारलंत, "पण डांबर निघालं कसं? संगमरवरात ते आत उतरतं." प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर नावाच्या रसायनतज्ज्ञांनी ते काढलं, असं तिने सांगितलं. तुम्ही थोडा वेळ पुतळ्याकडे बघत राहिलात. "म्हणजे कुणीतरी बसून पुसत पुसत काढलं असणार."

परत जाताना गाडीत मैत्रीण मला म्हणाली, इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही आणि मलाही कधी पडला नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. गुळपोळी घेतलीत, तेवढं बरं वाटलं. टॅक्सी फाटकाशी आणवलीत आणि चालकाला बजावलंत, "भायखळ्याचे जिने नकोत, थेट दादरला सोडा." त्याने सोडलं, हमालाच्या खुर्चीची व्यवस्थाही करून दिली. त्यांचेही आभार.

दादा, तुमचा पंचा आमच्याकडेच राहिला. गेल्या आठवड्यात तो घेऊन मी आले होते, पण वार बघितला नाही, बुधवार निघाला, बाग बंद. शनिवारी पुन्हा आले तर तुमची पाळी नव्हती. पंचा धुऊन, घडी घालून ठेवला आहे. मैत्रिणीच्या पायाची पट्टी महिन्याभरात निघेल, मग आम्ही दोघीच येऊ, आणि या वेळी ती तिच्या पायांनी राणीपर्यंत चालत जाईल असं म्हणते आहे. तुमची पाळी सकाळची असते की दुपारची, एवढं फक्त तिकीट खिडकीवर सांगून ठेवा. आणि त्या पिंपळाचं काय झालं, तेही.

तुमची,
चिंचवडच्या बाईंची मैत्रीण