पोरांना सायकलवरून नेते त्याबद्दल

ती. आई-बाबा,

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की दोन पोरं आणि वर किराणा, एका सायकलवर, कशाला जीवाशी खेळ, तेव्हापासून तुम्हाला सगळं नीट लिहून कळवायचं डोक्यात होतं.

तयार कार्गो सायकल, म्हणजे ओझं वाहायलाच बनवलेली, आम्हाला परवडणारी नव्हती, म्हणून जुनी स्टीलची माउंटन बाइक घेतली, २६ इंची चाकांची. बाबा, तुम्हाला पटेलच, स्टील जड असतं पण ओझ्याला दणकट, आणि मागच्या चाकाला ३६ तारा आहेत. रुंद टायर टाकले म्हणजे खड्ड्यात पोरांना दणका कमी बसतो. जे पैसे वाचले ते आधी ब्रेकवर घातले, नवे पॅड आणि नव्या केबल, कारण भरलेली सायकल उतारावर लवकर थांबत नाही, तिथे काटकसर करायचीच नाही असं मी ठरवलं होतं.

धाकटी पुढे माझ्या हातांच्या मधे बसते, ती सीट १५ किलोपर्यंतचीच आहे, आणि मोठा मागे, त्याची २२ किलोपर्यंत चालते. त्याची सीट फ्रेमच्या उभ्या दांड्याला क्लॅम्पने बसवलीय, कॅरिअरवर नाही, त्यामुळे कॅरिअरवर फक्त किराण्याचं वजन येतं. दोघांना बेल्ट, हेल्मेट, पाय अडकवायला पट्टे, आणि माझ्या सीटखालच्या स्प्रिंगा झाकून टाकल्यात कारण मागच्याची बोटं नेमकी तिथेच जातात. धाकटी आधाराशिवाय नीट बसायला लागून मान पक्की धरेपर्यंत तिला बसवलंच नव्हतं.

किराणा कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, जड सामान तळाला, दोन्हीकडे साधारण सारखं. हँडलला पिशवी कधीच नाही, वळताना हँडल ओढलं जातं आणि पिशवी चाकात जाऊ शकते.

आई, तुला चालवताना पडायची भीती वाटते ना, पण मला विचारशील तर जास्त सांभाळायचं असतं ते उभ्या सायकलला. म्हणून एका बाजूला कलणारा स्टँड काढून दोन पायांचा लावला. आधी सामान भरायचं, मग पोरं, उतरवताना आधी पोरं मग सामान. पुढचा ब्रेक दाबून त्याच्या दांडीवर आणि हँडलवर मिळून केसांचा रबर ताणून बसवते म्हणजे चाक फिरत नाही, आणि तरी एक हात सायकलवर असतोच, पोर सीटवर ठेवून कुलूप लावायलासुद्धा मी वळत नाही. पोरांना बसवायच्या आधी तेवढ्याच वजनाच्या गोण्या बांधून मोकळ्या मैदानात वळणं आणि ब्रेक भरपूर घोटून घेतले, भरलेली सायकल सुरुवातीला फार डुलते.

बाबा, मागच्या चाकाच्या तारा मी अधूनमधून जोडीजोडीने दाबून बघते, एखादी सैल लागली की दुकानात नेते. तुम्ही आलात की एकदा बघून द्याल का, तुमचा हात त्यात माझ्यापेक्षा जास्त बसलाय.

तुमची लेक