खाडीच्या मापाची जहाजं

गिर्ये, ता. देवगड

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

काय रे, बरो आसस मा? ‘जहाजबांधणीच्या एवढ्या बातम्या येतायत, आपल्या कोकणाच्या वाट्याला यातलं काय येणार?’ असं तू विचारलं होतंस. उत्तराला उशीर झाला, कारण हाच प्रश्न माझी आयटीआयची मुलंही विचारतात आणि त्यांना मोघम उत्तर देऊन चालत नाही. वेल्डिंगचा कोर्स करून पोरगा पुण्याला चाकणला जाणार की इथंच राहणार, हे त्या उत्तरावर ठरतं.

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रानं जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली, ती तू वाचलीच असशील. त्यातले २४,७३६ कोटी जहाज बांधणाऱ्यांना थेट अर्थसाहाय्य म्हणून, मार्च २०३६पर्यंत. २५,००० कोटींचा सागरी विकास निधीही त्यातच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या राज्यानंही जहाजबांधणी, दुरुस्ती आणि पुनर्वापराचं धोरण मंजूर केलं. जगातल्या जहाजबांधणीत आपला वाटा आज एक टक्कासुद्धा नाही, तेव्हा पैसा येतोय हे चांगलंच. पण तो कुठल्या मापाच्या जहाजासाठी येतोय, हे आपण कोकणातल्या लोकांनी नीट पाहायला हवं असं मला वाटतं.

मोठं काम मुंबईत होणार, आणि तिथंच व्हावं. १५ जानेवारी २०२५ला माझगाव डॉकनं बांधलेल्या सुरत, नीलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या, तेव्हा मी वर्गात धडा बाजूला ठेवून नीलगिरी कशी बांधली तेच शिकवलं. आधी सांगाडा, मग पत्रा, मग आत शिरून पाइप आणि वायरी, ही जुनी रीत तिथं राहिलेली नाही. जहाजाचे मोठमोठे ठोकळे वेगवेगळे बांधतात, पाइप, केबल, हवेचे मार्ग बरेचसे जमिनीवरच बसवून घेतात आणि मग तो अख्खा ठोकळा तीनशे टनांच्या गोलियाथ क्रेननं उचलून शेजारच्याला जोडतात. दोन ठोकळ्यांच्या कडा जुळायच्या तर प्रत्येक जोड देताना पत्रा उष्णतेनं किती ओढला जाईल, याचा हिशेब आधी करावा लागतो. मुलं हे कान देऊन ऐकत होती. वेल्डिंग म्हणजे गेटच्या जाळ्या आणि शेडचे खांब, एवढंच त्यांनी आजवर पाहिलेलं.

पण अशी क्रेन आपल्या खाडीकाठी उभी करून उपयोग काय? बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. मासेमारीच्या बोटीसुद्धा भरतीची वाट बघत बाहेर थांबतात. विजयदुर्गाचं पाणी त्यातल्या त्यात चांगलं, म्हणून तर २०२५च्या सप्टेंबरात मुंबई–जयगड–विजयदुर्ग रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या, सेवेसाठी बोटीची चाचणी झाली. तरी नीलगिरीसारख्या दीडशे मीटरच्या फ्रिगेटा विजयदुर्गाच्या वाघोटण खाडीत बांधायच्या म्हटलं तर दरवर्षी गाळ उपसण्यातच पैसा जाईल. मोठ्या कारखान्याच्या आशेवर गावंच्या गावं ताटकळतात आणि शेवटी जमिनीही जातात, हे आपल्या किनाऱ्यानं पाहिलेलं आहे. मला ते पुन्हा नको आहे.

आपल्या गिर्यातली गोदीच बघ ना. कातळ फोडून केलेली, गॅझेटियरमध्ये तिची लांबी ३५५ फूट आणि रुंदी २२७ फूट दिली आहे. आंग्रे, धुळप या मराठा आरमारप्रमुखांच्या काळातली गलबतं भरतीच्या पाण्यावर आत घ्यायची, तोंड बंद करायचं आणि तळ कोरडा करून काम करायचं. इथली भरती किती चढते, गलबताचा बूड किती खोल, हे बघून ती जागा निवडलेली आहे. आज कोकणात काय बांधायचं हे ठरवतानाही सुरुवात तिथूनच करावी.

म्हणून माझं उत्तर अगदी साधं आहे: फेरीबोटी. दाभोळ–धोपावे २००३पासून चालू आहे. वेश्वी–बागमांडले, आगरदांडा–दिघी, जयगड–तवसाळ हे मार्गही आता लोकांच्या अंगवळणी पडले आहेत. दापोलीहून गुहागरला जाणारा माणूस पूर्वी खेड-चिपळूणला वळसा घालायचा, तो आता गाडीसकट खाडी ओलांडतो. या बोटी पोलादी, सपाट बुडाच्या, तोंडाला रॅम्प असलेल्या आणि डिझेलवर चालणाऱ्या. मार्ग ठरलेला, अंतर थोडं, दोन्ही धक्के ठरलेले. विजेवर चालवायला याहून सोयीची बोट शोधून सापडणार नाही!

नॉर्वेत २०१५मध्ये ‘अँपियर’ ही गाड्या वाहणारी विजेची फेरी सुरू झाली, तिच्याबद्दल तूच मला पहिल्यांदा लिहिलं होतंस. १२० गाड्या, ३६० माणसं, पावणेसहा किलोमीटरची खाडी, वीसेक मिनिटांचा प्रवास आणि पलीकडे पोचल्यावर दहा मिनिटं चार्जिंग. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटली ती धक्क्यावरची योजना. तिथल्या गावांचं वीजजाळं एवढा झटका सोसणारं नव्हतं, म्हणून दोन्ही काठांवर मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. त्या जाळ्यातून हळूहळू भरत राहतात आणि बोट लागली की तिला झटकन वीज देतात. आपल्याकडे लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात व्होल्टेजची काय अवस्था असते ते तुला सांगायला नको. म्हणजे आपली सर्वांत मोठी अडचण तिथं सोडवून झालेली आहे, आणि आपल्या खाड्या त्या मानानं अरुंदच.

आणि तू तर कोचीत बसला आहेस! वैक्कमची सौरबोट ‘आदित्य’ २०१७पासून चालते, कोची शहरातली बोटसेवा वॉटर मेट्रो २०२३च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, तिच्या शंभर माणसांच्या बॅटरीवरच्या बोटी कोचीच्या शिपयार्डनं बांधल्या. केरळच्या कायलांचं, म्हणजे बॅकवॉटरचं, पाणी शांत, आपल्या खाडीच्या तोंडाशी मात्र वाऱ्यानं उठलेल्या लाटा आत येतात, हा फरक मला दिसतो. पावसाळ्यात दाभोळच्या तोंडाशी उभा राहिलास की कळेल. शिवाय उधाणाच्या ओहोटीला रॅम्प किती उतरतो, भरलेला ट्रक चढताना बोट किती झुकते, बॅटरीचं वजन बुडाशी ठेवलं तर बोट किती बसते, खारं पाणी चार्जिंगच्या जोडणीत शिरलं तर काय, हे सगळं कागदावर मांडायला हवं. ते काम तुझं.

दुसरी गोष्ट टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी बोट. सरकारच्या हरित टग कार्यक्रमात जेएनपीए, दीनदयाल, पारादीप आणि व्ही. ओ. चिदंबरनार या चार बंदरांनी २०२७ संपेपर्यंत प्रत्येकी निदान दोन टग विजेचे वा तत्सम घ्यायचे आहेत. वाढवण बंदर झालं की टग आणखी लागतील. टग हे छोटं, दणकट, मनुष्यबळाला भरपूर काम देणारं जहाज, आणि दुरुस्तीला ते पुन्हा पुन्हा येतं. रत्नागिरी जिल्ह्यात लावगणला दुरुस्तीची गोदी आहेच, म्हणजे ही कल्पना अगदीच हवेतली नाही.

यात माणसं कुठून आणायची, यावर मी सर्वांत जास्त विचार केला आहे. सपाट टेबलावर जोड देणं वेगळं आणि बोटीच्या बुडाखाली आडवं पडून डोक्यावर जोड देणं वेगळं. नंतर तो जोड क्ष-किरणांखाली तपासतात आणि आत हवेचा बुडबुडा दिसला तर कापून पुन्हा करायला लावतात. ॲल्युमिनियम तर आणखी नाजूक. वारा सुटला की तापलेल्या जोडाला जपणारं आर्गॉन वायूचं आवरण उडतं, पावसाळी दमट हवेत जोड सच्छिद्र होतो, म्हणून बंद शेड लागतेच. हे सगळं शिकवता येतं. मुलांचे हात चांगले आहेत, मी रोज बघतो.

पण बोटीचा घाट ओळखणारी नजर आयटीआयत मिळत नाही. ती लाकडी होड्या बांधणाऱ्या मिस्त्रींकडे आहे. पठाण, म्हणजे बोटीचा कणा, टाकल्यावर पुढच्या नाळेपासून मागच्या वराम्यापर्यंत फळीची रेघ कुठे मोडते, हे त्यांना उभ्या उभ्या दिसतं. फायबरच्या बोटी आल्यापासून त्यांचं काम आटलं आणि पोरं या धंद्यात येत नाहीत. गोव्यात दिवाडीला नौदलाची ‘कौंडिण्य’ ही जुन्या पद्धतीची शिडाची नौका बांधली तेव्हा अजिंठ्याच्या चित्रापलीकडे हाती काही नव्हतं. फळ्या काथ्यानं शिवल्या केरळच्या कारागिरांनी, आणि तिच्या आकाराची चाचणी झाली आयआयटी मद्रासमध्ये. २०२५ सरता सरता ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारीत मस्कतला पोचली. मिस्त्री आणि इंजिनिअर एका अंगणात बसले तर काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलं. आपल्या मिस्त्रींना पोलादाच्या बोटीवर, साचा तपासायच्या कामावर मानानं आणि योग्य मजुरीनं घ्यावं, अशी माझी मागणी आहे. प्राचार्यांकडे मी तसं लेखी दिलं आहे.

आता तुझ्याकडून काय हवं ते सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा दोन दिवस मुलांसाठी ठेव. येताना वॉटर मेट्रोच्या बोटीच्या चार्जिंगबद्दल जे उघडपणे सांगता येण्यासारखं असेल ते घेऊन ये. आपण दाभोळला जाऊ, सकाळच्या पहिल्या फेरीपासून बसू, डिझेल किती जळतं ते चालवणाऱ्यांनाच विचारू आणि भरती-ओहोटी दोन्ही वेळा रॅम्पचं माप घेऊ. एका फेरीला किती युनिट लागतील, एवढा एक आकडा जरी पक्का झाला तरी राज्याच्या मेरीटाइम बोर्डाकडे अर्ज घेऊन जायला मला बळ येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईनं तुझ्यासाठी कुळथाचं पीठ काढून ठेवलंय. तारीख लवकर कळव, त्या आठवड्यात अमावास्येचं उधाण येतं का ते पंचांगात बघून ठेवतो.

तुझा,
प्रकाश