ओझूंचे दोन्ही चित्रपट एकत्र दाखवा

महोदय,
जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्यांना आपण सरसकट नाके मुरडतो. यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचे उदाहरण मात्र वेगळे आहे. फिरत्या नाटक मंडळीच्या मालकावर त्यांनी १९३४ मध्ये ‘अ स्टोरी ऑफ फ्लोटिंग वीड्स’ हा मूकपट काढला आणि १९५९ मध्ये तीच कथा ‘फ्लोटिंग वीड्स’ या नावाने स्वतःच पुन्हा, रंगीत आणि बोलती केली. एरवी शोचिकू या चित्रपट कंपनीसाठी काम करणाऱ्या ओझूंनी हा रंगीत चित्रपट दाईई कंपनीसाठी केला. छायाचित्रण होते काझुओ मियागावा यांचे.

धो धो पावसात, रस्त्याच्या दोन बाजूंच्या वळचणीला उभे राहून मालक आणि त्याची सोबतीण भांडतात, तो प्रसंग दोन्हींत आहे. रंगीत चित्रपटात तिच्या हातातली लाल छत्री त्या करड्या पावसात जळजळीत दिसते. मूकपटात हेच भांडण शब्दपाट्यांवर चालते, आणि तरी अंगावर येते! मला जुनाच अधिक आवडतो; त्यात गरिबी जास्त जवळून दिसते.

गावोगावच्या फिल्म सोसायट्यांनी हे दोन्ही चित्रपट एकाच दिवशी, लागोपाठ दाखवावेत, ही कळकळीची विनंती. चित्रपट शिकणाऱ्या मुलांना तर ते आवर्जून दाखवावेत.

– एक चित्रपटप्रेमी, पुणे