ईश्वराचा निकाल दुर्बिणीकडे मागू नये : एका श्रद्धावान मित्रास पत्र

सातारा,
१४ जानेवारी

प्रिय अनंत यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू उपस्थित केलेल्या मुद्द्यावर घाईने काही लिहावे असे मला वाटेना. विश्वाला आरंभ आहे ही गोष्ट महास्फोटाच्या सिद्धान्तामुळे आता विज्ञानानेच मान्य केली आहे, आणि आरंभ आला म्हणजे आरंभ करणारा आलाच, तेव्हा विज्ञान मानणाऱ्या माणसाने यापुढे नास्तिक राहणे हा निव्वळ हट्ट होय, असे तू लिहिले आहेस. ज्यांचे प्रवचन तू ऐकलेस त्या प्रवचनकारांचे हे म्हणणे तुला पटले आणि ते मलाही कळावे म्हणून तू मनापासून लिहिलेस, हे मी जाणतो. परंतु हा युक्तिवाद मला मान्य नाही. आणि ज्या माणसाने तो सिद्धान्त प्रथम मांडला त्यालाही हा युक्तिवाद मान्य नव्हता, हे तुला सांगितले पाहिजे.

तो माणूस म्हणजे बेल्जियमचा जॉर्ज लेमेत्र. १९२३ मध्ये त्याने कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि पुढे तो लूव्हाँ विद्यापीठात प्राध्यापक झाला. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व निघते हे त्याने १९२७ मध्ये दाखवले, आणि १९३१ मध्ये सगळे विश्व एका आदिम अणूतून उलगडले असावे अशी कल्पना मांडली. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण करताना या संशोधनाचा आधार घेतला आणि आधुनिक विज्ञान आता सृष्टीच्या निर्मितीची साक्ष देत आहे अशा आशयाचे उद्गार काढले. आपल्या सिद्धान्तावर प्रत्यक्ष धर्मपीठाची मोहोर उठली म्हणून लेमेत्रला आनंद व्हायला हवा होता, असे कोणालाही वाटेल. त्याला झाली ती चिंता. भौतिकीतील एक गृहीतक, जे उद्या नव्या निरीक्षणांनी बदलू शकते, त्यावर श्रद्धेचा भार टाकू नये यासाठी त्याने प्रयत्न केले, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. १९५८ च्या सॉल्व्हे परिषदेत लेमेत्रने आपले मत स्पष्टच सांगितले : हा सिद्धान्त धार्मिक किंवा तत्त्वमीमांसेच्या प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे, आणि जडवाद्याला ईश्वर नाकारण्याचे स्वातंत्र्य त्याने तसेच राहते. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत, अनंत, आणि म्हणून मला ते फार मोलाचे वाटतात.

दुसऱ्या बाजूला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल होता. तो नास्तिक होता, आणि विश्वाला आरंभ असण्याच्या कल्पनेत त्याला धर्माचा वास येत असे. बाँडी आणि गोल्ड यांच्याबरोबर त्याने १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला, म्हणजे विश्व प्रसरण पावत असले तरी त्याला आरंभ नाही आणि ते सदैव एकसारखेच दिसते असे म्हटले. महास्फोटासाठी ‘बिग बँग’ हे नाव त्यानेच १९४९ मध्ये बीबीसीवरील भाषणात वापरले. कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर केंब्रिजला त्याचेच विद्यार्थी झाले. विश्वाच्या सर्व दिशांकडून येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण १९६० च्या दशकाच्या मध्यास सापडल्यावर बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले, तरी हॉयल आणि नारळीकर शेवटपर्यंत त्याचे टीकाकार राहिले आणि १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिजसह त्यांनी सुधारित पर्यायही मांडला. त्यांची बाजू आज फार थोड्यांना पटते. पण हा वाद कशाच्या आधारे लढला गेला ते पाहा : दीर्घिकांची मोजणी, मूलद्रव्यांचे प्रमाण, प्रारणाचे तापमान. वादाच्या मुळाशी कोणाची श्रद्धा होती किंवा अश्रद्धा होती, याने निकालात काडीचाही फरक पडला नाही. त्याच हॉयलला तारकांमधील कार्बनच्या निर्मितीचा अभ्यास करताना भौतिकीच्या नियमांमागे कोणा महाबुद्धीचा हात असावा असे पुढे वाटू लागले. म्हणजे आरंभ सांगणारा धर्मगुरू आपल्या सिद्धान्तावरून ईश्वर सिद्ध करायला तयार नव्हता, आणि आरंभ नाकारणारा नास्तिक कार्बनच्या अणुगर्भाच्या एका ऊर्जापातळीपाशी येऊन अडखळला. ‘विज्ञान मानतोस तर देव मान’ हे तुझे वाक्य मला या दोघांच्या चरित्रांसमोर टिकणारे वाटत नाही.

हाच न्याय मी माझ्या बाजूच्या लोकांनाही लावतो. ‘विज्ञानाने देव नाही हे सिद्ध केले आहे’ असे व्यासपीठावरून सांगणारे नास्तिक मी ऐकले आहेत, आणि त्यांच्याशी मी तितक्याच आग्रहाने वाद घालतो. विज्ञान कसोटी लावू शकते ती एखाद्या नेमक्या विधानाला. नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाची जी चाचणी घेतली ती याचा नमुना म्हणावा अशी आहे. हुशार मुलांच्या १०० आणि गतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या जमवल्या. त्यांतील ४० कुंडल्या प्रत्येक सहभागी ज्योतिषाकडे पाठवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील ते ओळखण्यास सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली, आणि ती सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून ठरवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. येथे विज्ञानाला बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे, कारण दावा मोजता येण्याजोगा होता. भानामती, अंगात येणे, मंत्राने विष उतरवणे यांबाबतही तेच. नरेंद्र दाभोलकरांनी देव आणि धर्म यांविषयी अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका तटस्थ ठेवली आणि लढा शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांशी दिला, यामागे ही समज होती असे मी मानतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. इतकी मर्यादा पाळून बोलणारा माणूसही काहींना सहन झाला नाही, याचे दुःख आजही ओसरत नाही.

मग ईश्वराच्या प्रश्नाचा विचार करायचा कोठे? माझे उत्तर आहे, तत्त्वज्ञानात. आणि त्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. तू वैदिक परंपरेचा अभिमानी आहेस, म्हणून कुमारिल भट्टांकडे तुझे लक्ष वेधतो. सातव्या शतकातील हा मीमांसक, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचा पंडित, वेदप्रामाण्याचा कट्टर पुरस्कर्ता, यज्ञकर्माचा समर्थक, आणि तरीही ‘श्लोकवार्तिका’त त्याने जगत्कर्त्या ईश्वराचे जे खंडन केले आहे, त्याहून नेमके खंडन मी कोठे वाचलेले नाही. तो विचारतो : सृष्टीपूर्वी काहीच नव्हते, तर प्रजापती कोठे होता आणि त्याला पाहिले कोणी? त्याला शरीर नव्हते, तर निर्मितीची इच्छा त्याला झाली कशी? करुणेने जग निर्माण केले म्हणावे, तर करुणा करण्याजोगे जीव तेव्हा नव्हतेच. आणि करुणाच कारण असती तर त्याने केवळ सुखी प्राणी निर्माण केले असते. प्राण्यांच्या कर्मानुसार दुःख द्यावे लागते म्हणावे, तर त्याचे स्वातंत्र्य उरत नाही. काही हेतूच नव्हता म्हणावे, तर ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, प्रयोजनावाचून मूर्खसुद्धा कामाला लागत नाही. सांख्यांच्या मूळ मांडणीतही कर्ता ईश्वर नाही. घट आहे म्हणजे कुंभार आहे, तसेच जग आहे म्हणजे त्याचा कर्ता आहे, या नैयायिकांच्या (न्यायदर्शनाच्या पंडितांच्या) अनुमानावर बौद्ध धर्मकीर्तीने विचारले होते की मग वारूळही मातीचेच, तेही कुंभाराने केले म्हणायचे काय?

तुझ्या प्रवचनकारांचा युक्तिवाद म्हणजे हे घटाचेच अनुमान आहे. मातीच्या जागी महास्फोट आला, एवढाच फरक. आणि श्रद्धावान कुमारिलाने ते नाकारले होते, यावरून धर्म मानणे आणि ईश्वर मानणे या गोष्टी आपल्या परंपरेत तरी एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या, हे तुला पटावे.

माझी नास्तिकता करुणेच्या त्या प्रश्नावर उभी आहे. रुग्णालयाच्या बालकक्षात जे पाहावे लागते, ते सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि दयाळू अशा कोणाच्या इच्छेने घडते हे मला मान्य करता येत नाही; ते पूर्वकर्माचे फळ म्हणणे तर मला त्या मुलांवर अन्याय वाटतो. उद्या स्थिर स्थितीचा सिद्धान्त खरा ठरला किंवा महास्फोटाचा अधिक बळकट पुरावा मिळाला, तरी या भूमिकेत बदल होणार नाही. तुझी भक्तीही तशीच आहे असे मला वाटते. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ घेऊन उभा राहणारा तू प्रारणाच्या तापमानावर विसंबून तेथे गेलेला नाहीस.

देव नसेल तर नीती कशावर टिकणार, हे तू शेवटी विचारले आहेस. आगरकरांचे आयुष्य हे मला त्याचे पुरेसे उत्तर वाटते. अज्ञेयवादी म्हणून लोकांचा रोष पत्करणाऱ्या, ज्याची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली त्या माणसाने अल्प वेतनात शिक्षणाचे व्रत चालवले आणि १८८८ पासून ‘सुधारका’तून बालविवाह आणि केशवपन यांविरुद्ध सातत्याने लिहिले, ते परलोकीच्या कोणत्याही फळाची आशा न धरता. वयाच्या चाळिशीआधी, १८९५ मध्ये ते गेले. मात्र ‘काहीच नसण्याऐवजी हे सगळे आहेच का’ या तुझ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. ईश्वर हे त्याचे उत्तर होऊ शकते असेही मला वाटत नाही, कारण ईश्वर तरी का आहे, हा प्रश्न मग तसाच राहतो.

कुमारिलाला आणि बौद्धांना सविस्तर उत्तर नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दिले आहे, आणि आस्तिक पक्षाची याहून समर्थ मांडणी मला माहीत नाही. तू मार्चमध्ये येशील तेव्हा आपण ते पुस्तक बरोबर वाचू. उदयनाचार्यांची बाजू तू मांड, कुमारिलाची मी मांडतो; त्या प्रवचनाची ध्वनिफीतही आण, ती मला पूर्ण ऐकायची आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव