चिऊची सर्दी आणि बाबांचा हट्ट

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर आई मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

सारखी सर्दी होते म्हणून चिऊला पाळणाघरातून काढणार नाही. नव्याने पाळणाघरात जाणारं मूल वर्षातून 8-10 वेळा सर्दी-तापाने पडतंच. पोटात असताना माझ्याकडून मिळालेली प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं, पहिल्या सहा-आठ महिन्यांत ओसरली. आता तिची तिलाच तयार करायचीत. आणि सर्दीचा विषाणू काय एकच आहे? नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचे 160 च्या वर प्रकार! एक होऊन गेला म्हणून दुसरा सोडत नाही. आई, विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा ‘ते गुलाबी औषध दे की’ हे आता बास. वजन वाढतंय, शू नीट होतेय, ताप उतरला की पातेली बडवतेय. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तर रात्री दोनलाही डॉक्टरांकडे धावेन.

भांडण आहे ते बाबांशी. ‘एकदा गोवर निघून गेला की पोर काटक होतं’ म्हणे! अहो, गोवर आधीची पाटीच पुसून टाकतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं, तर इतर आजारांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं गेलेली. सर्द्या काढून पोरीने जे कमावलं, तेही जायचं. 2022 मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावली, ती बातमी तुम्हीच वाचून दाखवली होती ना?

कांजिण्यांचं तर तुम्हाला मी काय सांगावं. गेल्या वर्षी कमरेवर नागीण उठली, सदऱ्याचा स्पर्श सोसवत नव्हता. तो लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू, इतकी वर्षं मज्जातंतूंत दबा धरून बसलेला.

तर, एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीचा, दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत द्यायचा असतो. चिऊला येत्या शनिवारी देतोय. त्यावर चर्चा नाही.

पुढच्या महिन्यात याल, त्याच्या दोन आठवडे तरी आधी दोघांनी फ्लूची लस घ्या. बाबांचा दमा आणि हिचं वाहतं नाक एका खोलीत ठेवायची माझी छाती नाही. येताना मेतकूट आणा, डबा रिकामा झालाय.

तुमची,
माई