ट्रायब्युनलच्या पत्रावरची तारीख पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रिटनमध्ये उपाहारगृह, दुकान किंवा छोटी कंपनी चालवणाऱ्या मराठी माणसावर नोकराने दावा लावला, की आपल्याकडच्या कोर्टाची सवय आड येते. वकील उभा राहील, तारीख घेईल, कैफियत सावकाश देऊ, असे गृहीत धरले जाते. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलपुढे, म्हणजे नोकरीविषयक वादांच्या न्यायाधिकरणापुढे, हे चालत नाही. बाजू खरी असलेला मालकही त्यापायी बोलण्याचा हक्क गमावून बसतो.

दाव्याला लेखी उत्तर द्यायला 28 दिवस मिळतात. ट्रायब्युनलने दाव्याची प्रत ज्या दिवशी पाठवली तिथून ते मोजतात, पाकीट तुमच्या हाती कधी पडले तिथून नव्हे. 3 मार्चला प्रत निघाली असेल तर 31 मार्च हा शेवटचा दिवस. छोट्या कंपन्यांचा घात इथेच होतो. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता अकाउंटंटच्या ऑफिसचा असतो. पाकीट तिथल्या टपालाच्या गठ्ठ्यात पडून राहते आणि मालकापर्यंत पोचते तोवर निम्मी मुदत सरलेली असते. म्हणून पाकीट उघडताच आधी पत्रावरची तारीख पाहावी.

मुदत शिल्लक असतानाच मुदतवाढीचा अर्ज केला तर काम हलके असते. अर्ज लेखी हवा, कारण स्पष्ट हवे आणि त्याची प्रत दावेदाराला गेली पाहिजे. मुदत उलटल्यावर मात्र अर्जासोबत उत्तराचा मसुदा जोडावा लागतो, किंवा तो का जोडता येत नाही ते सांगावे लागते. ‘क्षमस्व, थोडा वेळ द्यावा’ एवढ्या ईमेलवर विसंबणे ही मोठी चूक. बचाव काय आहे हेच न्यायाधीशांना दिसले नाही, तर त्यांनी तोलायचे काय? सुनावणी हवी असल्यास अर्जातच तसे लिहावे, कारण निर्णय नुसत्या कागदांवरूनही होऊ शकतो.

‘क्विक सेव्ह विरुद्ध स्वेन’ या निकालापासून तीन गोष्टी पाहिल्या जातात: उशिराचे कारण, मुदतवाढ दिल्याने किंवा नाकारल्याने कोणाचे किती नुकसान होईल, आणि बचावात दम किती. कारण लंगडे असले म्हणून अर्ज बुडालाच असे नाही. पण ते लपवले किंवा अर्धवट सांगितले तर विश्वास उडतो. पत्र कधी आले, कोणी उघडले, सल्ला कधी घेतला, हे तारीखवार लिहावे. बहुतेक दाव्यांआधी एकॅस या समेट संस्थेची पायरी असते. त्या वेळी संस्थेने मालकाशी संपर्क साधला असेल, तर ‘दाव्याची कुणकुणही नव्हती’ हे पटवणे अवघड.

मुदतवाढ मिळाली तर उत्तराअभावी झालेला निकाल रद्द होतो. नाही मिळाली तर सुनावणीची सूचना येत राहते, पण न्यायाधीश परवानगी देतील तेवढाच भाग घेता येतो. तरीही आशा सोडू नये. भरपाईचा हिशेब गुंतागुंतीचा असेल आणि त्यासाठी वेगळी सुनावणी ठेवली असेल, तर तिथे मालकाला सहसा बोलू द्यावे, असे कोर्ट ऑफ अपीलने 2018 मध्ये ‘ऑफिस इक्विपमेंट सिस्टिम्स विरुद्ध ह्यूजेस’ या प्रकरणात सांगितले आहे.

दावेदारानेही गप्प बसू नये. मालकाच्या अर्जाची प्रत मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी हरकत घेता येते. ‘हातातला निकाल जाईल’ एवढेच लिहून फारसे साधत नाही. साक्षीदार नोकरी सोडून गेला, थकलेल्या पगारावर घरभाडे अडले, असे प्रत्यक्ष नुकसान मांडावे.

आणि उत्तर खरे तर वेळेत पोचले होते, तरी उशिरा म्हणून परत आले असेल, तर मुदतवाढ मागत बसू नये. नाकारल्याची सूचना ज्या दिवशी पाठवली गेली तिथून 14 दिवसांत फेरविचाराचा अर्ज करावा आणि ऑनलाइन उत्तर भरल्याची पोच त्याला जोडावी.

आपला,
एक वाचक, लंडन